पावती कोणाच्या नावानं?

२००९ सालची गोष्ट. मी तेव्हा कृषी खात्यात वरिष्ठ लिपिक होतो. एके सकाळी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाले, "लाचलुचपतवाल्यांना सरकारी पंच हवाय. तुम्ही जा. कुठे चाललात ते घरीही बोलू नका."

दुपारपर्यंत मला बरंच काही शिकवून झालं होतं. तक्रारदार शेतकऱ्यानं आणलेल्या तीन हजारांच्या नोटांचे नंबर लिहून घेतले. नोटांना पांढरी पूड लावली. ती पूड लागलेली बोटं सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवली की पाणी गुलाबी होतं, हे आम्हा दोन्ही पंचांना करून दाखवलं. मग मी त्या शेतकऱ्याचा पाहुणा बनून त्याच्यासोबत एका सरकारी कार्यालयात गेलो. जमिनीच्या मोजणीचा अर्ज अडला होता. टेबलामागच्या माणसानं पैसे मागितले, घेतले, खिशात घातले. शेतकऱ्यानं ठरल्याप्रमाणे डोक्यावरून हात फिरवला. दोन मिनिटांत खोली माणसांनी भरली. त्या कारकुनाचा हात ग्लासात बुडवला आणि पाणी गुलाबी झालं. बाटलीवर लाख लावली, चिठ्ठीवर मी सही केली.

त्या रात्री मला झोप आली नाही, पण ती आनंदानं. आयुष्यभर चरफडत आलो होतो, आज एक चोर धरला होता. तेव्हापासून माझं मत पक्कं झालं : कायदा कडक हवा, धरणारा खमका हवा, चार मोठे मासे आत गेले की बाकीचे आपोआप सरळ होतील.

२०११च्या ऑगस्टमध्ये अण्णा लोकपाल कायद्यासाठी दिल्लीच्या रामलीला मैदानावर उपोषणाला बसले, तेव्हा मी रोज संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर "मी अण्णा हजारे" लिहिलेली टोपी घालून तालुक्याच्या चौकात जायचो. साहेबांच्या गाडीचा हॉर्न ऐकला की टोपी खिशात, गाडी गेली की पुन्हा डोक्यावर. २८ ऑगस्टला उपोषण सुटलं, त्या दिवशी मी स्वतःच्या पैशानं पेढे वाटले. लोकपाल आला की झालं, असं पेढा देताना प्रत्येकाला सांगत होतो. लोकपाल कायदा जानेवारी २०१४मध्ये लागू झाला आणि पहिला लोकपाल नेमला गेला मार्च २०१९मध्ये. मधली पाच वर्षं ती खुर्ची रिकामी होती. पण माझं मत त्या रिकाम्या खुर्चीनं बदललं नाही. उलट मी आणखी कडक कायद्याची भाषा बोलू लागलो.

ते बदललं २०१६ साली, कोर्टाच्या आवारातल्या चहाच्या टपरीवर.

मी वर्षभरापूर्वीच निवृत्त झालो होतो. सात वर्षांनी साक्षीचं समन्स आलं. आरोपीच्या वकिलांनी विचारलं, नोटा कोणत्या हातानं घेतल्या? मी म्हणालो, उजव्या. पंचनाम्यात डावा लिहिलेला होता. आणि तक्रारदार तर सरळ फितूर झाला. म्हणाला, ते पैसे मी यांच्याकडून उसने घेतले होते, तेच परत देत होतो. नुसत्या नोटा सापडून भागत नाही, लाच मागितली हे सिद्ध व्हावं लागतं. ते झालं नाही. कारकून निर्दोष सुटला.

टपरीवर तो शेतकरी भेटला. मी रागानं विचारलं, "का हो, असं का केलंत?"

त्यानं बशीत चहा ओतला. "साहेब, सात वर्षं झाली. माझी मोजणी अजून व्हायचीय. त्या टेबलावर आता दुसरा आहे, त्याचा दर पाच हजार आहे. आणि मी लाचलुचपतचा माणूस म्हणून मला कुणी दारात उभं करत नाही. तुम्ही चोर पकडला, चांगलं केलं. माझा बांध कुणी मोजला?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. नोटांचे नंबर, बाटल्या, सह्या, साक्षी, सगळं आम्ही नीट जपलं होतं. ज्या अर्जावरून हे घडलं, तो अर्ज कुठं आहे हे आमच्यापैकी एकानंही विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

बसनं परत येताना पहिल्यांदा वेगळा प्रश्न पडला. त्या कारकुनाला पैसे मागता आले कशामुळे? लोभ होताच, पण लोभी माणसाला मागायला जागाही लागते. त्या शेतकऱ्याचा नंबर कितवा, त्याच्या पुढे कोण, काम कधीपर्यंत व्हायला हवं, हे सगळं एकट्या कारकुनाला ठाऊक होतं. त्या अंधाराचेच तो पैसे घेत होता.

आणि मग कबूल करायला जड गेलं ते हे, की तसाच अंधार माझ्या टेबलावरही होता. मी आयुष्यात एक रुपया खाल्ला नाही, याचा मला फार अभिमान. पण ठिबक सिंचनाच्या अनुदानाच्या फायली माझ्याकडे असायच्या आणि ओळखीचा आला की त्याची फाईल मी वर घ्यायचो. आमदारांच्या माणसाचा फोन आला की आणखी वर. बदल्यांचा हंगाम जवळ आला की तो फोन आम्हा सगळ्यांना जरा जास्तच मोठ्यानं ऐकू यायचा. ज्याचं कोणीच नव्हतं, तो खाली राहायचा. कुठलीही फाईल सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त वेळ टेबलावर ठेवू नये असं सांगणारा राज्याचा कायदा २००५चा आहे. त्याची प्रत माझ्याच खणात होती. त्याच वर्षी माहितीचा अधिकार देशभर आला. दहा रुपये भरून कुणी माहिती मागितली की आम्ही त्या माणसाला "उपद्व्यापी" म्हणायचो. २०१५मध्ये राज्यात लोकसेवा हक्क कायदा झाला : ठरलेल्या दिवसांत सेवा मिळाली पाहिजे, नाकारली तर कारण लेखी दिलं पाहिजे, अपील करता येतं, कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशेपासून पाच हजारांपर्यंत दंड होतो. मला तो किरकोळ वाटला होता. पाच हजारांच्या दंडानं कुठे क्रांती होते? आता वाटतं, त्या शेतकऱ्याला २००९मध्ये माझ्या गुलाबी बाटलीपेक्षा असल्या किरकोळ कायद्याचा उपयोग जास्त झाला असता.

सापळे लावूच नयेत असं मी म्हणत नाही. कुणी लाच मागितली तर १०६४ला फोन कराच. लाचलुचपत प्रतिबंधक कायद्याच्या २०१८च्या दुरुस्तीनंतर तर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. बळजबरीनं द्यावी लागली आणि सात दिवसांत कळवलं, तर तो सुटतो. पण सापळ्यानं माणूस धरला जातो, टेबल तिथंच राहतं. आणि तक्रार करणाऱ्याचं काम त्याच आठवड्यात कुणी करून दिलं नाही, तर दुसरा तक्रारदार येत नाही.

इथवर माझं मत बदललं ते कार्यालयांबद्दल. राजकारण्यांबद्दलचा राग मात्र शाबूत होता. सगळे चोर, ही माझी सकाळची आरती. त्यातही एक गोम निघाली.

निवृत्तीनंतर नाशिकला मुलाकडे राहायला आलो. रिकामा म्हणून सोसायटीनं मला सेक्रेटरी केलं. २०१७च्या महापालिका निवडणुकीआधी एका इच्छुकानं आमच्या इमारतीला रंग लावून दिला. आम्ही त्याला शाल-श्रीफळ दिलं, मी स्वागताचं भाषण केलं. मतामागे पाकीट घेणाऱ्या वस्तीतल्या लोकांना मी त्याच महिन्यात नावं ठेवली होती. आमचं पाकीट तीन मजली होतं, म्हणून ते मला दिसलं नाही. हा माणूस निवडून आल्यावर हे पैसे कुठून वसूल करील, हा प्रश्न मला पडला नाही. खरं तर पडला होता, मी तो भाषणात घेतला नाही.

१५ फेब्रुवारी २०२४ला सर्वोच्च न्यायालयानं निवडणूक रोखे रद्द केले. कोणत्या पक्षाला पैसा कोण देतं हे मतदाराला कळलं पाहिजे, असं पाच न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं. मी टीव्हीसमोर बसून टाळी वाजवली आणि वाजवता वाजवता नजर खिडकीतून बाहेर गेली. समोरच्या भिंतीचा रंग अजून बरा होता.

गेल्या निवडणुकीआधी पुन्हा एक माणूस आला. मागच्या पार्किंगमध्ये चिखल होतो, तिथे पेव्हर ब्लॉक बसवून देतो म्हणाला. सभेत सगळे खूश. मी एवढंच विचारलं, "पावती कोणाच्या नावानं करायची? इतिवृत्तात लिहावं लागेल, काम किती रुपयांचं आणि खर्च कोणी केला."

तो हसला. "काका, हे लिहायचं नसतं."

"मग घेता येणार नाही. ऑडिटला काय दाखवू?"

खरं म्हणजे ऑडिटरनं विचारलंही नसतं. पण तो माणूस दोन दिवसांत बघतो म्हणाला आणि परत आला नाही. ब्लॉक शेजारच्या सोसायटीत बसले.

याला मी विजय म्हणत नाही. एका माणसाचे पेव्हर ब्लॉक वाचले, एवढाच काय तो परिणाम, आणि तेही वाचले नाहीत, कुंपणापलीकडे गेले. पूर्वी मला वाटायचं, भ्रष्टाचाराविरुद्ध लढायला रामलीला मैदान लागतं. आता वाटतं, आपल्याला काही फुकट मिळत असताना हिशेब विचारणं हे सगळ्यात अवघड आंदोलन आहे. त्यात टोपी नसते, पेढे नसतात, आणि घोषणा द्यायला शेजारी उभं राहायलाही कुणी येत नाही.

या पावसाळ्यात पार्किंगमध्ये पुन्हा चिखल झाला. पहिल्या मजल्यावरच्या वहिनी रोज सकाळी साडी सावरत स्कूटरपर्यंत जातात आणि मला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणतात, "घ्या, इतिवृत्तावर पाय ठेवून चला."

मी गॅलरीतून खाली उतरलो. कुणाच्या तरी बांधकामातून उरलेल्या विटा कोपऱ्यात पडल्या होत्या. त्या कुणाच्या हे वॉचमनला विचारून घेतलं, मग एकेक करून चिखलात मांडल्या. वहिनी पहिल्या विटेवर पाय ठेवताना म्हणाल्या, "लिहून ठेवा हो काका, नऊ विटा."

मी खरंच लिहून ठेवलं.