आईच्या भांड्यातली गर्दी

विकास नगरमधल्या आमच्या छोट्या प्रयोगशाळेत मी ब्रॅकिओनस कॅलिसिफ्लोरस हा गोड्या पाण्यातला रोटिफर वाढवत होते. कुकरैल नाला तिथून फार लांब नाही. लखनौचं सांडपाणी वाहून तो गोमतीला मिळतो. त्याच्या पाण्यात या जिवाची वीण घटते का, हे मला पाहायचं होतं. घटते, असं मी लिहून दिलं. ते चुकीचं होतं, आणि चूक पाण्याचे नमुने घेण्यात झाली नव्हती.

पाव मिलिमीटरच्या आसपासचा हा प्राणी. डोक्यावरच्या केसांच्या झालरीने पाण्यात भोवरा उठवून क्लोरेला हे शैवाल तोंडाशी ओढतो. 25 अंशांच्या आसपास अंडं साधारण अर्ध्या दिवसात फुटतं, पिल्लू दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्वतः अंडी धरतं आणि आयुष्य आठवडाभराचं. बहुतेक काळ सगळ्या माद्याच असतात. नराशिवाय मुली होतात, आणि त्या जनुकांनी आईसारख्याच. एवढंच वाचून मी थांबले. सगळ्या सारख्याच, मग कुठलीही उचलली तरी काय बिघडतं, असं धरून चालले. स्वच्छ पाण्याच्या गटासाठी नव्या, विरळ भांड्यातली पिल्लं घेतली. ती संपल्यावर नाल्याच्या पाण्यासाठी खिडकीजवळच्या जुन्या, गच्च भरलेल्या भांड्यातली घेतली.

पुढचं मी वाचायला हवं होतं. भांड्यात गर्दी झाली की या प्राण्यांनीच पाण्यात सोडलेलं एक रसायन साठतं. त्या पाण्यातल्या आयांना काही मुली वेगळ्या होतात. दिसायला अगदी बहिणींसारख्याच, पण त्यांच्या अंड्यांत गुणसूत्रं निम्मी असतात. अशा मादीचा नराशी संयोग झाला नाही, तर लहान लहान अंडी होतात आणि त्यांतून नर निघतात. नर आकाराने बारीक, वेगाने पोहणारे. त्यांना चालतं आतडंच नसतं, ते खात नाहीत. अशा मादीचा तिच्या जन्मानंतरच्या पहिल्या काही तासांत संयोग झाला, तर जाड कवचाचं गडद सुप्त अंडं तयार होतं. ते तळाशी बसतं, तळं आटलं तरी टिकतं, वर्षांनंतरही फुटू शकतं. मादी कुठल्या प्रकारची, हे तिने अंडं धरेपर्यंत बाहेरून ओळखता येत नाही.

माझ्या नाल्याच्या गटात नेमक्या अशा माद्या भरलेल्या होत्या. वेगाने पळणारे बारीक नर मी बाहेरून शिरलेले एकपेशीय जीव समजून मोजणीतून वगळले. गडद अंड्यांपुढे वहीत ‘विषबाधेने खराब’ असं लिहिलं. जुन्या भांड्याच्या तळाचा काळपट गाळ तर मी दर सफाईला मोरीत ओतत होते. त्यात पुढच्या पिढ्यांचा साठा होता.

पुण्याहून आलेल्या एका ज्येष्ठ बाईंनी माझी वही चाळली आणि एकच विचारलं, “यांच्या आया कुठल्या भांड्यातल्या?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. वहीत आयांचा रकानाच नव्हता.

तोवर या मोजणीचा तक्ता मी नाल्याच्या सफाईसाठी धडपडणाऱ्या वस्तीतल्या काही माणसांना देऊन बसले होते. त्यांच्याकडे परत जाऊन, हे आकडे वापरू नका, असं सांगणं मला फार जड गेलं. त्यांची मागणी रास्तच होती. तिला मी खोटा आधार दिला होता, याचं दुःख मला आजही आहे.

नंतर दोन्ही गट एकाच मादीच्या वंशातून घेतले. प्रत्येक पिल्लू वेगळ्या खाचेत, भरपूर पाण्यात, अशा काही पिढ्या वाढवल्या आणि मगच चाचणी केली. पूर्वीचा फरक जवळजवळ उरला नाही. म्हणून नाल्याचं पाणी निर्धोक ठरत नाही. माझी पहिली चाचणी त्याबद्दल काहीच सांगू शकत नव्हती, एवढंच ठरतं.

रोटिफरचे अभ्यासक जॉन गिल्बर्ट यांनी 2002 साली दाखवलं, की सुप्त अंड्यातून निघालेल्या मादीच्या पुढच्या काही पिढ्या गर्दीला सहसा दाद देत नाहीत. सुरुवात करायला त्या माद्या सर्वांत बऱ्या. तेव्हा रोटिफरवर काम करू पाहणाऱ्यांना माझी विनंती आहे: तळाचा गाळ टाकू नका, तो आधी मायक्रोस्कोपखाली पाहा, आणि चाचणीतल्या प्रत्येक मादीपुढे तिची आई किती गर्दीत वाढली ते लिहून ठेवा.