शब्द शोधताना

अर्धांगवायूच्या झटक्यातून माणूस वाचला, की घरातील मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात. रुग्ण घरी येतो आणि मग खरे प्रश्न उभे राहतात. तो उठणार कसा, घास तोंडात घालणार कसा, काय हवे ते सांगणार कसा? या प्रश्नांची उत्तरे देणारी माणसे वेगळी असतात. भौतिकोपचारतज्ज्ञ, म्हणजे ज्यांना आपण फिजिओथेरपिस्ट म्हणतो ते, अवयवांची हालचाल परत आणतात. व्यवसायोपचारतज्ज्ञ रोजची कामे पुन्हा करायला शिकवतात, वाचोपचारतज्ज्ञ बोलायला. कोणी कृत्रिम पाय बनवतो, कोणी हाताला आधार देणारी पट्टी. डॉक्टरांइतके त्यांचे नाव कोणी घेत नाही. त्यांच्या व्यवसायांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय आयोग नेमण्याचा कायदादेखील संसदेने २०२१ मध्ये केला.

माझे काका शिवणकाम करीत. दिल्लीलगतच्या साहिबाबादला त्यांचे लहानसे दुकान होते आणि सारी गल्ली त्यांना 'मास्टरजी' म्हणे. झटका मेंदूच्या डाव्या बाजूला आला. शरीराच्या उजव्या बाजूवर आणि बहुतेकांच्या बाबतीत वाणीवरही, मेंदूच्या डाव्या भागाचा ताबा असतो. त्यामुळे कात्री धरणारा हात आणि गिऱ्हाइकांशी बोलणारी जीभ एकाच दिवशी थांबली. रुग्णालयातून मिळालेल्या कागदाच्या तळाशी 'व्यायाम करावा' एवढेच लिहिले होते. कोणता, कोठे, कोणाकडून, याचा पत्ता नव्हता. शेजाऱ्यांनी तेले सुचवली, एकाने तर कबुतराच्या रक्ताची मालिश! पहिल्या काही महिन्यांत सुधारणा सर्वांत वेगाने होते, म्हणून हे दिवस मोलाचे असतात. आणि नेमके तेच अशा सल्ल्यांत वाया जातात. अखेर काकूंच्या ओळखीच्या एका परिचारिकेने दिल्लीतील विष्णु दिगंबर मार्गाचा पत्ता दिला.

या मार्गावर शारीरिक दिव्यांगांसाठी केंद्र सरकारची एक राष्ट्रीय संस्था आहे. पंडित दीनदयाल उपाध्याय यांचे नाव तिला दिलेले आहे. १९७६ पासून ती स्वायत्त आहे. येथे या उपचारांचे पदवी अभ्यासक्रम चालतात आणि रुग्णांवर उपचारही होतात. साहिबाबादची लोकल टिळक ब्रिज स्थानकावर थांबते. तेथून काकांना रिक्षात बसवून मी घेऊन जाई. स्थानक टिळकांच्या नावाचे आणि रस्ता विष्णु दिगंबर पलुस्करांच्या! कुरुंदवाडला जन्मलेल्या पलुस्करांची दृष्टी लहानपणी फटाक्याच्या अपघातात अधू झाली. मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे ते गाणे शिकले आणि १९०१ मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. त्यांच्या नावाच्या रस्त्यावर ही संस्था असावी, हा निव्वळ योगायोग असेल. मला मात्र तो फार आवडतो.

व्यवसायोपचाराच्या खोलीतील मुलीने काकांना काय झाले आहे, हे आधी विचारलेच नाही. "मास्टरजी, आप काम क्या करते थे?" हा तिचा पहिला प्रश्न. पुढच्या खेपेला टेबलावर मोठी बटणे, हूक आणि जाड कापडाचे तुकडे मांडलेले होते. बोटांना बळ यावे म्हणून चेंडू दाबण्याचा काकांना कंटाळा येई. बटण मात्र ते अर्धा अर्धा तास सोडत नसत. या विद्येची भारतातील पहिली शाळा १९५० मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात सुरू झाली. ती सुरू करणाऱ्या कमला निंबकर जन्माने अमेरिकन होत्या आणि निंबकरांच्या घरात सून म्हणून आल्या होत्या.

बोलण्याचे काम याहून अवघड होते. काकांना झाला होता तो वाचाघात. समोरच्याचे बरेचसे कळते, मनात काय आहे तेही ठाऊक असते, पण शब्द सापडत नाही. पॉल ब्रोका या फ्रेंच डॉक्टरांनी १८६१ मध्ये अशाच एका रुग्णावरून मेंदूतील वाणीची जागा दाखवून दिली. वाचोपचार करणाऱ्या बाई काकांना चित्रे दाखवत आणि हिंदीत नाव विचारत. काकांनी चाळीस वर्षे दुकानात हिंदीच बोलली होती. तरी ओठांवर यायचा प्रयत्न करी तो शब्द मराठी असे. खुर्चीचे चित्र पाहून ते 'खु... खु...' करीत. बाईंनी ते हेरले आणि मला म्हणाल्या, "आता तुम्ही विचारा." त्या दिवसापासून एक वही झाली. सुई, दोरा, इस्तरी, चष्मा, पाणी, भूक. शब्द आम्ही लिहायचे, बाई ते वाचायला शिकायच्या.

एक गोष्ट मला अजून नवलाची वाटते. 'पाणी' हा शब्द ज्यांना सापडत नसे, ते काका गणपतीची आरती अडखळत का होईना, पण शेवटपर्यंत म्हणत. वार आणि अंकही ओळीने म्हणत. पाठ झालेले बोलणे आणि जुळवून बोललेले बोलणे यांच्या वाटा मेंदूत वेगळ्या असतात, असे बाईंनी सांगितले आणि त्याच वाटेने त्यांनी काकांना पुढे नेले.

१९९५ च्या अपंगविषयक कायद्यात सात प्रकार होते, त्यांत वाचेचा समावेश नव्हता. २०१६ च्या कायद्याने प्रकार २१ केले आणि वाचाघातामुळे आलेले कायमचे अपंगत्वही त्यांत घेतले. पण कायदा रुग्णाला टेबलापर्यंत आणत नाही. आमच्याबरोबर उपचार सुरू केलेले एक गवंडी दीड महिन्याने येईनासे झाले. त्यांना आणायचे तर मुलाची त्या दिवसाची मजुरी बुडे, रिक्षाचे भाडे वेगळेच. उपचार घराजवळच्या दवाखान्यात मिळाला असता, तर तो माणूस थांबला नसता, असे मला निश्चित वाटते.

काकांच्या दुकानात आता कापड त्यांचा जुना शिकाऊ मुलगा कापतो. माप मात्र काकाच घेतात. फीत डाव्या हातात, उजवा हात नुसता आधाराला. छातीचे माप ३८ भरले, तर तो आकडा त्यांना एकदम सांगता येत नाही. ते 'तीस, एकतीस, बत्तीस' असे पुटपुटत चढत जातात, अडतीसवर थांबतात आणि मग तेवढाच शब्द मोठ्याने म्हणतात. गिऱ्हाईक तोवर हात पसरून उभे असते.