पेटीतली सालं

सप्टेंबर 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातल्या कित्येक माळ्यांवरच्या पेट्या खाली उतरल्या. कयाधूकाठच्या आमच्या घरातलीही उतरली. जे सापडायचं ते सापडो. मला मात्र कागद सालवार लावायचा नाद लागला.

सारापावतीवर फसली 1346, आत्याच्या पत्रिकेवर शके, एका उर्दू नकलेवर हिजरी, पुढच्या कागदांवर इसवी. चारही सालं एकाच पेटीत नांदलेली, पण त्यांचे पाडवे वेगळे. निजामाच्या हैदराबादेत फसली साल ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात लागायचं. त्यामुळे फसलीत 590 मिळवले की डिसेंबरपर्यंतचा इसवी सन निघतो. जानेवारीपासून 591 मिळवायचे. 17 सप्टेंबर 1948 ला निजाम शरण आला, तेव्हा फसली 1357 सरायला तीन आठवडेही उरले नव्हते. राज्य आधी संपलं, साल मागून.

आकडा पुसट झाला असेल तर कागदाचा माथा बघावा. आधी हैदराबाद, नोव्हेंबर 1956 पासून मुंबई राज्य, 1 मे 1960 पासून महाराष्ट्र. जिल्हा मात्र परभणीच. हिंगोली झाला तो थेट 1 मे 1999 ला. शेत होतं तिथंच होतं, पत्ता तेवढा फिरत राहिला.

आजीला यातलं काही लागत नाही. तिची गणती रझाकारी, बहात्तरचा दुष्काळ, कयाधूचा पूर अशी चालते.

"आजे, विहीर कव्हा खंदली?"

"थोरल्या बैलाला पान लागलं, त्याच्या दुसऱ्या साली."

"अन् बैलाला?"

"तुझ्या आत्याच्या लग्नाच्या आंधी."

एकही आकडा नाही, पण आधी काय नि मागून काय, यात ती कधी चुकत नाही. उलट, सालवार गठ्ठ्यात एक गोष्ट दिसते, जी तिनं कधी सांगितली नाही. आधी सावकाराचा रोखा, त्यामागं गहाणखत, त्यामागं खालच्या तुकड्याचं खरेदीखत. विखुरलेले होते तोवर ते तीन व्यवहार होते. एकाखाली एक ठेवले आणि आजोबांची तंगी उघडी पडली. लग्नं, बारशी आजीच्या क्रमात आहेत. कर्ज कागदांच्या क्रमात आहे. एका क्रमात घर मावत नाही.

शेवटी एक चिठ्ठी उरली. वसमतच्या अडतीवरची हळदीची पट्टी. वजन आहे, भाव आहे, तारखेचा कोपरा कसरीनं खाल्लेला. आजीला वाचता येत नाही. तिनं ती उलटीपालटी केली, कडेच्या पिवळ्या डागावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "ह्याच पैशात तिची जोडवी घेतली."

अंदाजानं साल घालता आलं असतं. मी पेन्सिलीनं कोपऱ्यात लिहिलं : आत्याच्या लग्नाआधी.