डाळीला लावलेलं दिवेल

नवापूर,
१४ डिसेंबर

चि. मनू,


रविवारी फोनवर तू म्हणालीस, "मावशी, डाळ तेलकट लागत होती म्हणून अर्धी टाकून दिली." तेव्हापासून हे पत्र मनात लिहितेय. तू डाळीचा फोटो मैत्रिणींना पाठवलास. एकीने सांगितलं भेसळ आहे, दुसरीने सांगितलं खराब झाली, आणि तू ऐकलंस. तुझ्यावर राग नाही. चूक माझी झाली. तुझ्याकडे कॅनडात, एडमंटनला येणाऱ्या माणसाच्या बॅगेत मी डाळ कोंबली, पण तिला काय लावलंय आणि का लावलंय, याची चिठ्ठी आत टाकली नाही.

त्या डाळीला एरंडेल लावलेलं आहे. आपल्या घरात त्याला दिवेल म्हणतात आणि हा शब्द मराठी नाही, गुजराती आहे. तुझी आजी अमळनेरची. तिच्या माहेरी अख्खी तूर राखेत ठेवायचे आणि डाळीत कडुनिंबाचा वाळलेला पाला घालायचे. तेल लावण्याची रीत तिला कुणी दिली, ते सांगते.

मी तेव्हा सातवीत होते. समोरच्या घरात रेल्वेतल्या एका गुजराती माणसाचं कुटुंब राहायला आलं. त्यांची आई, आम्ही सगळे तिला बा म्हणायचो, गुजरातमधल्या उच्छलकडची. आपल्या गावाचं तुला ठाऊकच आहे. १ मे १९६० ला महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले आणि सीमारेषा आपल्या स्टेशनातूनच गेली. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तरांची खोली गुजरातमध्ये. अशा गावात शेजारणीची भाषा वेगळी असणं हे काही विशेष नव्हतं. आजी अहिराणीत बोलायची, बा गुजरातीत, आणि भाजीवाली मावची आदिवासी बाई दोघींशी आपल्या बोलीत. सगळ्यांना सगळं कळायचं.

बाने पहिल्याच उन्हाळ्यात आजीला डाळ वाळवताना पाहिलं आणि विचारलं, दिवेल नाही लावणार? आजीला ते पटलं नाही. डाळीला तेल लावलं की मुंग्या येतील, वास मारेल, पोरांची पोटं बिघडतील, असं तिचं म्हणणं. तिने बाला नाही म्हटलं नाही आणि हो पण म्हटलं नाही. तिने दोन पितळी डबे घेतले. एकात नेहमीसारखी पाला घातलेली डाळ भरली. दुसऱ्यात बाच्या सांगण्याप्रमाणे, किलोला एक लहान चमचा दिवेल तळहाताने चोळून चोळून. दोन्ही डबे एकाच फळीवर. मग पाऊस लागला. नवापूरचा पाऊस कसा असतो, भिंतीतून ओल कशी झिरपते, ते तू पाहिलं आहेस.

श्रावणात डबे उघडले. पाल्याच्या डब्यात खाली जाळी धरलेली आणि टोके फिरत होते. दिवेलाची डाळ जशीच्या तशी. आजी तशीच उठून बाकडे गेली आणि तुमचं खरं, असं म्हणाली. पण एवढंच म्हणून ती थांबली नाही. दोन उन्हाळे तिने स्वतः करून पाहिलं आणि तिसऱ्या वर्षी बालाच सांगितलं की डाळ उन्हातून काढल्यावर लगेच तेल लावून भरू नका, रात्रभर घरात पसरून पूर्ण थंड होऊ द्या, नाही तर डब्याला आतून घाम सुटतो. बाला हे ठाऊक नव्हतं. पुढे बा आणि तिची सून उच्छलला जाऊन तिकडच्या बायांना ते सांगू लागल्या. सल्ला इकडून तिकडे गेला आणि जाताना थोडा मोठा होऊन गेला.

आता त्यामागचं कारण. कडधान्यावरचा भुंगा दाण्यावर अंडी चिकटवतो आणि अळी दाण्यात शिरते. तेलाचा पातळ थर बसला की अंड्यांना हवा मिळत नाही, ती मरतात, आणि किड्याला नवीन अंडी घालायला जागा आवडत नाही. एरंडेल लवकर खवट होत नाही, म्हणून खायच्या तेलापेक्षा तेच बरं. गुजरातमध्ये एरंडीचं पीक देशात सगळ्यात जास्त, म्हणून ही रीत तिकडे घरोघर. डाळ भरडतानाही तेल लागतंच. तुरीचं साल दाण्याला डिंकासारख्या थराने चिकटलेलं असतं. तो सैल करायला तूर पाण्यात भिजवतात किंवा तेल-पाण्याचा हात देऊन ढीग लावतात, मग वाळवतात आणि मग भरडतात.

तुझ्या मैत्रिणीची शंका मात्र मला वावगी वाटत नाही. तूरडाळीत लाखेची डाळ मिसळणं, पिवळा रंग लावणं, हे प्रकार झालेले आहेत. म्हणून उरलेल्या डाळीतली मूठभर गरम पाण्यात हलवून बघ. पाण्यावर तेलाचे ठिपके तरंगले तर ते दिवेल. पाणी लगेच पिवळंजर्द झालं तर शंका घे. ही डाळ आपल्याच तालुक्यातल्या आदिवासी बायांनी घरच्या दगडी घट्टीवर भरडलेली आहे. नवापूरच्या तूरडाळीला २०१६-१७ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिच्या वासासाठी आणि लवकर शिजण्यासाठी ती ओळखली जाते. अर्धी गेली याचं म्हणूनच वाईट वाटलं.

आता तुझ्या कढीपत्त्याविषयी. तू म्हणालीस, कुणीतरी सांगितलं म्हणून दर आठवड्याला आंबट ताक घातलं, तर कुंडीला वास सुटला, बारीक चिलटं झाली आणि पानं गळली. ताकाचा सल्ला खोटा नाही, मीसुद्धा घालते. पण माझी कुंडी गच्चीवर, दिवसभर उन्हात असते, पाणी झरझर निचरून जातं. तुझ्याकडे आत्ता दिवस साडेसात तासांचा, तोही काचेआडून. झाड झोपलंय. झोपलेल्याला खायला घालू नये. ताक बंद कर, वरची माती बोटभर सुकेपर्यंत पाणीसुद्धा देऊ नकोस. सगळ्यात जास्त उजेडाच्या खिडकीत ठेव आणि मार्चपर्यंत वाट बघ. पानं गेली तरी फांदी नखाने खरवडून आत हिरवी दिसली, तर झाड जिवंत आहे.

या संदर्भात तुला श्रीपाद अच्युत दाभोळकरांचं नाव सांगायला हवं. ते गारगोटीच्या मौनी विद्यापीठात गणित शिकवायचे. त्यांनी शेतकऱ्यांचा 'प्रयोग परिवार' उभा केला. तासगाव भागातल्या द्राक्षबागायतदारांनी आपापल्या बागेत करून पाहायचं, मोजायचं, आणि जे दिसलं ते एकमेकांना कळवायचं. कुण्या साहेबाने सांगितलं म्हणून करायचं नाही. त्यांचं सगळं गणित उन्हापासून सुरू व्हायचं: तुझ्या पानावर किती ऊन पडतं, ते आधी मोज. १९८५ साली त्यांना जमनालाल बजाज पुरस्कार मिळाला. 'विपुलाच सृष्टी' हे त्यांचं पुस्तक माझ्या कपाटात आहे, तू आलीस की देईन. वाचताना मला दर पानाला आजीचे ते दोन पितळी डबे आठवतात. तिने दाभोळकरांचं नावही ऐकलेलं नव्हतं.

मी स्वतः सल्ला देताना एकदा मोठी चूक केली आहे. माझी एक मैत्रीण लग्न होऊन रत्नागिरीला गेली. तिने डाळ कशी साठवायची विचारलं. मी सांगितलं, दोन दिवस ऊन दे, दिवेल लाव, भर. मी नवापूरच्या एप्रिलातलं ऊन मनात धरून बोलले. तिने मेच्या अखेरीस, ढग आलेले असताना, समुद्राच्या दमट हवेत तेच केलं. वरून सुकलेली डाळ आत ओली राहिली आणि महिन्याभरात वीस किलो डाळीला बुरशी धरली. नवीन संसार, बेताचा पगार. ती मला काही बोलली नाही. मला मात्र आजही ते टोचतं. दिवेल किड्याला रोखतं, बुरशीला नाही. बुरशीवर उपाय एकच, दाणा दाताखाली कट्कन फुटेपर्यंत वाळवणं. हे मी तिला सांगितलं नव्हतं, कारण आमच्या उन्हात ते सांगायची वेळच येत नाही.

तेव्हापासून कुणी काही विचारलं की मी आधी विचारते: तुमच्याकडे ऊन किती वेळ असतं, डबा कशाचा, घर दमट का कोरडं. तुझ्या मैत्रिणी मोलाच्या आहेत, बाळा. परक्या गावात रात्री अकरा वाजता "दही लागत नाही" असं विचारलं की पाच जणी उत्तर देतात, हे सुख आजीला बा भेटेपर्यंत नव्हतं. पण त्यांच्यातली एक चेन्नईची, एक दिल्लीची, एक कॅलिफोर्नियात. त्यांना विचार, हे तुम्ही कुठे केलं, कोणत्या महिन्यात, आणि किती वेळा. आणि तू करून पाहिलंस की काय झालं ते त्यांना कळव. फसलं तर ते आधी कळव. ताकाने चिलटं झाली हे तू अजून त्यांना सांगितलेलं नाहीस, हो ना? सांगच. त्यांच्यातल्या कुणाची तरी कुंडी वाचेल.

डाळ शिजवायच्या आधी दोनदा गरम पाण्यात चोळून धू, तेल निघून जातं. मग नेहमीसारखी कुकरला लाव. बाजारात आत्ता तुरीच्या हिरव्या शेंगा आल्यात, रोज संध्याकाळी मिठाच्या पाण्यात उकडून खातो आणि तुझी आठवण काढतो. नवी डाळ फेब्रुवारी-मार्चमध्ये होईल. तिकडे येणारं कुणी असेल तर कळव, दोन किलो दिवेल लावलेली आणि दोन किलो कोरडी पाठवते. एकाच फळीवर ठेव आणि दिवाळीला उघड.

तुझी,
मावशी