तळं म्हणे!

विस्कॉन्सिनमधल्या बेफील्डहून शिडाच्या बोटीने निघताना आईला फोनवर सांगितलं, "तळ्यात फिरायला चाललोय." समुद्र म्हटलं असतं तर तिने जाऊच दिलं नसतं.

लेक सुपीरियर कमाल ४०६ मीटर खोल आहे. अपोस्टल बेटं मागे पडली आणि धुरकट हवेत पलीकडचा किनाराही दिसेना. ओठांवर उडालेलं पाणी मात्र गोडं.

जुलैचं ऊन म्हणून मी लाइफ जॅकेट काढलं होतं. हात पाण्यात घातला, तर बोटं बधिर. मित्र म्हणाला, "पोहता येणाराही पहिल्या धक्क्याला श्वास ओढतो आणि पाणी आत जातं." मी मुकाट्याने जॅकेट चढवलं.

परतल्यावर आईने विचारलं, "कसं होतं तळं?"

"गार," मी म्हणालो. जॅकेट अजून अंगावरच होतं.