नोटीस बोर्डावरची यादी

आमची मुलगी पुण्याच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकावयास गेली, तेव्हा आमच्या वस्तीला सण झाला होता. आम्हा दोघांपैकी एक एस. टी. आगारात मेकॅनिक व दुसरी अंगणवाडी सेविका. इंजिनिअरिंगचे कॉलेज आमच्या घराण्यात कोणी आतून पाहिलेले नव्हते. विहारात तिचा सत्कार झाला. आयाबाया आपल्या मुलांना सांगू लागल्या, "पाहा, ताईसारखे शिका."

पहिल्या सत्राचा निकाल लागायचा होता. आम्ही फोनवर विचारले की ती म्हणे, "अजून नाही लागला, बाबा." पुढे पुढे फोन दोन मिनिटांचा झाला, मग एका मिनिटाचा. शेवटी वस्तीतल्याच एका मुलाकडून कळले की, निकाल लागून महिना उलटला आहे.

त्याच रात्री आम्ही अकोल्याहून रेल्वेने निघालो. गाडीत आम्ही एकमेकांशी फारसे बोललो नाही. २०१६ साली हैदराबादला रोहित वेमुला गेला, २०१९ साली मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. ही नावे आपल्या घरांतून विसरली गेलेली नाहीत. दोघांच्याही मनात तीच भीती होती व दोघेही ती एकमेकांपासून लपवीत होतो.

पोर वसतिगृहाच्या फाटकावर आली. वाळली होती. चार विषय राहिले होते.

येथे आमची चूक सांगितली पाहिजे. पोर सुखरूप दिसताच आमची भीती गेली व तिच्या जागी राग आला. आम्ही म्हणालो, "बाबासाहेब अठरा अठरा तास अभ्यास करीत. तुला काय कमी होते?" ती रडू लागली. म्हणाली, "मीही रात्री तीनपर्यंत जागते, बाबा. पण समजतच नाही, त्याचा अभ्यास कसा करू? सर इंग्रजीत बोलतात. मी पहिले वाक्य मनात मराठीत करते, तोवर त्यांची तीन वाक्ये होऊन जातात."

दुसऱ्या दिवशी आम्ही कॉलेजात गेलो. तेथे आम्हाला जे कळले त्याने आम्ही चकित झालो. कारण सगळे होते! मागे पडणाऱ्या मुलांसाठी रोज चार वाजता जादा तास होता. प्रत्येक मुलाला एक पालक-शिक्षक नेमलेला होता. आठवड्यातून दोन दिवस समुपदेशक बाई बसत होत्या. ग्रंथालयात बुक बँक होती. समान संधी कक्षाची पाटीसुद्धा होती. मग आमची मुलगी एकाही दारात का गेली नाही?

तिने आम्हाला नोटीस बोर्डापुढे नेऊन उभे केले. जादा तासाच्या मुलांची यादी लावलेली होती. नाव, हजेरी क्रमांक आणि पुढच्या रकान्यात जातीचा प्रवर्ग. वर्गातल्या कोणीतरी तिचा फोटो काढून मोबाईलवर सगळ्यांना पाठविला होता. त्या तासाला मुले 'कोट्याचा क्लास' म्हणत. पालक-शिक्षकांची भेट सत्रात एकदा झाली होती, तीही फॉर्मवर सही घेण्यापुरती.

मदत होती, परंतु ती घ्यावयास जाणाऱ्याने आधी चारचौघांत मान खाली घालावी, अशी तिची व्यवस्था होती. आमची पोर मान खाली घालावयास तयार नव्हती. त्यासाठी तिला दोष कसा द्यावा?

आम्ही तेथेच बसून मराठीत अर्ज लिहिला. जादा तास ज्याला गरज असेल त्या प्रत्येक मुलाला खुला असावा व प्रवर्गाची यादी भिंतीवर लावू नये, एवढीच मागणी. "ही पद्धतच आहे," असे तोंडी उत्तर मिळाले. आम्ही अर्जाच्या प्रतीवर पोच घेतली व परत आलो. आठ दिवसांनी यादी निघाली. कोणी चूक झाली असे म्हटले नाही. परंतु गणिताच्या बाईंनी वर्गात सांगितले की, चार वाजता कोणीही यावे, आणि मग सगळ्या प्रकारची मुले येऊ लागली.

परतीच्या गाडीत आम्हाला आमचेच वाक्य टोचत होते. अठरा तासांची गोष्ट खरी, पण आम्ही ती अर्धीच सांगितली होती. १९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. बागेत वाचीत बसणाऱ्या त्या मुलाची विचारपूस करणारे, त्याला पुस्तके देणारे केळुसकर गुरुजी होते. त्यांच्याच खटपटीने सयाजीराव महाराजांची दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. पुढे १९४६ साली बाबासाहेबांनी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले. नोकरी करणाऱ्या मुलांना त्यांनी नुसते "कष्ट करा" असे सांगितले नाही. त्यांना शिकता यावे म्हणून वर्ग सकाळी भरविले. मुलाच्या अडचणीप्रमाणे कॉलेजने आपले वेळापत्रक बदलले! आमच्या मुलीला हीच बाजू कोणी सांगितली नव्हती. आम्हीही नाही.

ज्यांची मुले यंदा बाहेरगावी शिकावयास गेली आहेत, त्यांना अनुभवाचे चार शब्द. पहिल्याच महिन्यात पालक-शिक्षकांचे नाव व फोन विचारून घ्या. विषय राहिला तर मुदतीत उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा; चूक कोठे झाली ते डोळ्यांनी दिसते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या नियमांनी समान संधी कक्ष व भेदभावाची तक्रार ऐकणारा अधिकारी सांगितला होता. आपल्या मुलाच्या कॉलेजात ते काम कोण पाहते, ते विचारा. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. रात्री मन घाबरले तर १४४१६ हा सरकारचा टेलि-मानसचा मोफत क्रमांक आहे, तो मुलांच्या वहीत लिहून ठेवा. आणि मूल खोटे बोलले तर ते कोणाला भिऊन खोटे बोलले, हे आधी स्वतःला विचारा.

मुलगी तीन विषय सुटली. गणित अजून राहिले आहे. वसतिगृहातली नांदेडकडची एक ताई तिला आधी मराठीत समजावून सांगते, मग तेच तिच्याकडून इंग्रजीत म्हणवून घेते. आता आमची पोर खालच्या वर्गातल्या दोन मुलींना तसेच शिकविते.

आम्ही आता फोनवर निकाल विचारीत नाही. "आज काय समजले नाही?" असे विचारतो. फोन पुन्हा लांबू लागला आहे.