शिवडीचा चिखल

पुण्याला समुद्र नाही, ही गोष्ट पुणेकराने कधी कमीपणाची मानलेली नाही. पर्वती आहे, खडकवासला आहे. आणखी पाणी हवे कशाला, असा त्याचा सवाल! तरी हिवाळा सरत आला की आमच्या पेठेतली मंडळी गळ्यात दुर्बिणी अडकवून रोहित पक्षी पाहायला भिगवणला जातात आणि परतताना तिथल्या मासळीवर ताव मारून येतात. गेल्या वर्षी आमच्या मेहुण्यांचा मुंबईहून फोन आला. "भाऊजी, भिगवणला कसले जाता? आमच्या शिवडीला या. हजारोंनी उतरलेत!"

मुंबईकराने असे डिवचल्यावर घरी कोण बसतो? डेक्कन क्वीनने निघालो. बरोबर शेजारचे नाना होते. नाना रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. पक्ष्यांत त्यांना रस बेताचाच. पण प्रवासात डबा आमच्या घरचा असतो.

शिवडीला जायचे ते ओहोटीची वेळ पाहून. गोदामे, मालमोटारी आणि धूळ ओलांडून किल्ल्याखालच्या धक्क्यावर आलो आणि क्षणभर बोलणेच खुंटले. समोर पाणी नव्हतेच. दूरवर नुसता काळा, ओला, चकचकीत चिखल, आणि त्यावर गुलाल उधळावा तसे पक्षी! माना खाली घालून, चोची उलट्या करून सगळे मुकाट जेवत होते. डोक्यावरून २०२४ साली खुला झालेला अटल सेतू गेलेला. पलीकडे तुर्भ्याची टेकडी, आणि तिच्या पायथ्याशी माहुलचे तेलशुद्धीकरणाचे कारखाने. पहिला १९५४ सालचा, दुसरा १९५५ चा. तेव्हा एक स्टॅनव्हॅकचा होता, दुसरा बर्मा-शेलचा. आज ते अनुक्रमे हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम या नावांनी ओळखले जातात. सत्तर वर्षे मुंबईच्या मोटारी आणि आपल्या घरचे शेगडी-स्टो या खाडीच्या काठावरून पोसले गेले आहेत, हेही विसरून चालणार नाही.

वास मात्र येत होता. खारट, कुजकट, आणि त्यात रॉकेलची झाक. धक्क्याच्या कडेला एका डबक्यावर इंद्रधनुष्यी साय पसरली होती. नानांनी छत्रीचे टोक तिच्यात फिरवले. "हे पाहून ठेवा," ते म्हणाले. "साय मोडल्यावर तिचे तुकडे तसेच राहिले, तर ती लोहाच्या जंतूंची. पुन्हा मिळून आली, तर तेल." आम्ही वाकून पाहिले. साय मिळून आली.

मग नानांचा तास सुरू झाला. तेलात नाना जातीचे हायड्रोकार्बन असतात. हलके असतात ते उन्हावाऱ्याने उडून जातात. पण काहींच्या रेणूंत बेंझिनची कडी एकमेकींना साखळीसारखी जोडलेली असते. ती जितकी अधिक, तितका तो रेणू चिवट. पाण्यात तो विरघळत नाही, चिखलाच्या कणाला घट्ट धरून बसतो. तेल खाणारे जंतू असतात, पण त्यांना हवा लागते आणि खाडीच्या चिखलात दोन बोटांखाली हवा जवळजवळ नसतेच. त्यामुळे वर भरती-ओहोटी होत राहते आणि खाली तेल तसेच मुरून राहते. मुंबई बंदराच्या गाळात ही द्रव्ये असल्याचे शास्त्रज्ञांनी मोजून दाखवले आहे. कारखाने, जहाजे, गटारे, मोटारींचा धूर — सगळ्यांचा हातभार.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर वेस्ट फॅल्मथ नावाचे गाव आहे. सप्टेंबर १९६९ मध्ये तिथे 'फ्लोरिडा' नावाची तेलाची बार्ज खडकावर आदळली आणि सुमारे सात लाख लिटर तेल दलदलीत शिरले. पुढे गवत उगवले, सगळे हिरवेगार झाले. पण पस्तीस वर्षांनंतरही तिथले खेकडे बीळ खणताना जुन्या तेलाच्या थरापाशी पोचले की आडवे वळत, आणि कोणी अंगावर आले तर पळायलाही उशीर लावत. माणूस विसरला होता, खेकड्याला ते जमेना!

आपल्याकडे ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' या जहाजांची टक्कर झाली. सुमारे ८०० टन तेल सांडले, काठची खारफुटी काळी पडली, मासळीला गिऱ्हाईक उरले नाही. महिन्याभरात वर्तमानपत्रांतून बातमी गेली. चिखलातून तेल इतक्या लवकर जात नाही.

धक्क्याच्या खाली दोन बायका गुडघाभर चिखलात पाटी घेऊन काहीतरी वेचत होत्या. वर आल्यावर मेहुण्यांनी विचारले, "मावशी, काय मिळालं?" पाटीत शिंपल्या होत्या, चार निवट्याही होत्या. मी विचारले, "याला तेलाचा वास नाही येत?"

"येतो की कधी कधी," ती म्हणाली. "मंग गिऱ्हाईक घेत नाय. टाकवत तर नाय. आमीच खातो."

परतीच्या गाडीत नाना बराच वेळ गप्प होते. मग आपणहूनच बोलू लागले. लंडनच्या पर्सिव्हल पॉट या शल्यविशारदाने १७७५ सालीच लिहून ठेवले होते की धुराडी झाडणाऱ्यांना होणारा कर्करोग काजळीमुळे होतो. १९१५ मध्ये जपानच्या यामागिवा आणि इचिकावा यांनी सशांच्या कानांना महिनोन्‌महिने डांबर चोळून तो रोग प्रत्यक्ष घडवून दाखवला. डांबरातल्या बेंझोपायरीन या द्रव्याची गणना आज माणसाला निश्चित कर्करोग करणाऱ्या द्रव्यांत होते. गंमत अशी की ते बाहेर टाकण्यासाठी शरीर त्याचे रूप पालटते, आणि त्या धडपडीतच ते पेशीच्या गाभ्याला चिकटते. माशाला निदान ते पालटता येते. शिंपलीला फारसे येत नाही, म्हणून ते तिच्यात साठत जाते. उकळल्याने जात नाही.

"म्हणजे आपण आज खाल्ले असते तर?" मी विचारले.

"एका ताटाने काही होत नाही हो. रोजचे ताट वेगळे. अंगाला रोज लागणारा चिखल वेगळा, आणि त्यात खेळून बोटे तोंडात घालणारे पोर आणखी वेगळे." धोका एका दिवसाच्या पाहुण्याला नाही. आम्ही सहलीला जातो तिथे कोणी जन्म काढतो. माहुलची हवा आरोग्याला घातक असल्यामुळे प्रकल्पग्रस्तांना तिथे राहण्याची सक्ती करता येणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले. हवेचे निदान नाकाला कळते. चिखलाची दाद कोण मागणार?

पुण्याला समुद्र नाही म्हणून आम्ही नामानिराळे, असे मला वाटू लागले होते. नानांनी तेही टिकू दिले नाही. विड्या-सिगारेटींच्या धुरात, थंडीत चौकाचौकांत जळणाऱ्या कचऱ्याच्या धुरात हीच द्रव्ये. मोटारीत वापरून काळे झालेले इंजिन ऑइल तर नव्या तेलाहून कितीतरी विषारी. "आणि ते जाते कुठे, विचारा एकदा," ते म्हणाले.

दुसऱ्याच आठवड्यात नाना पेठेत स्कूटर दुरुस्तीला टाकली होती. मेकॅनिक पोऱ्या सुटे भाग रॉकेलने धूत होता. विचारले.

"जळकं ऑइल होय काका? ते डब्यात साठवतो, भंगारवाला पैसे देऊन नेतो. थेंब वाया नाय घालवत."

"आणि हे धुण्याचं?"

त्याने तसराळे उचलून कडेला ओतले. ते गटारातून नागझरीत जाते. नागझरी मुठेत, मुठा मुळेला मिळून भीमेत, आणि भीमेचा गाळ बसतो उजनीच्या धरणात. त्या जलाशयाच्या काठी भिगवण आहे.